तक्रार : मशीनला आवाज नाही

भांडी घासायच्या मशीनला मीठ लागतं, हे वाक्य मी माझ्या नोकरीत जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा घेतलं नसेल. आणि दर वेळी समोरची बाई विचारायची, "चवीपुरतं का?"

मी मुरुम गावातल्या एका दुकानात डेमोचं काम करायची. फ्रीज, वॉशिंग मशीन, ओव्हन, डिशवॉशर असल्या वस्तूंचं दुकान. विकणारे वेगळे, टेम्पोतून आणून टाकणारे वेगळे, नळ आणि वायर जोडणारा मेकॅनिक वेगळा. हे सगळे आपापलं काम उरकून निघून गेले की घरात उरायचं एक रिकामं खोकं, थर्माकोलचा चुरा आणि नव्या पाव्हण्याकडं बघावं तशी मशीनकडं बघत बसलेली माणसं. तिथून पुढं माझं काम. मशीन चालवून दाखवायचं, मग घरातल्या बाईच्या हातून चालवून घ्यायचं आणि जमलंच तर तिची भीती मोडून यायचं. लोहारा, माकणी, आजूबाजूची खेडी, जिथं जिथं मशीन गेलं तिथं तिथं मागनं मी. कधी एसटीनं, कधी काळी-पिवळी जीपमधे बोकडाच्या शेजारी बसून. लोक मला 'डेमोवाल्या बाई' म्हणायचे. सुनंदा हे नाव आधार कार्डापुरतं उरलं होतं.

मिठाचं कारण साधं आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. क्षार एवढे, की बादलीला सुद्धा पांढरा थर बसतो. मशीनच्या पोटात एक खण असतो, त्यात जाडं मीठ भरलं की पाणी हलकं होतं आणि भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत. भांड्यांना मीठ लागत नाही, पाण्याला लागतं. एवढं समजावून सांगितल्यावर मुरुमच्या एका काकूंनी मला शांतपणे विचारलं होतं, "मग हळद कुठं टाकायची?"

अशी माणसं भेटली म्हणून नोकरी बोअर झाली नाही. माकणीच्या एका आजोबांना फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो, हे पटत नव्हतं. वीज फुकट जळते म्हणून ते फ्रीजची पिनच काढून ठेवायचे. मी दाराजवळचं बटण दाबून दाखवलं तर म्हणाले, "तुमी दाबलं म्हणून इझला. आत कोण दाबतंय?" शेवटी त्यांनी नातवाचा मोबाईल व्हिडिओ चालू करून आत ठेवला, दार लावलं, थोड्या वेळानं काढून बघितला. नुसता अंधार. आजोबांचं समाधान झालं, पण चेहरा उतरला. म्हणाले, "इझतो खरा. पण इझवणारा काय दिसला न्हाय."

तर पहिल्यांदा मशीन घेणारं घर सोपं असतं. त्यांना काहीच माहीत नसतं, जे सांगाल ते करतात. अवघड असतं ते जुनं मशीन काढून नवं घेणारं घर. जुन्या मशीनबरोबर माणसांनी संसार केलेला असतो. त्याच्या खोडी, त्याचे रुसवे, कुठं बुक्की मारली की चालू होतं, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. नवं कितीही गुणी असो, पहिले काही दिवस त्याचं कौतुक कमी आणि चौकशी जास्त होते. यातलं सगळ्यात अवघड घर मला लोहाऱ्यात भेटलं.

हे घर आडत्यांचं. तुरी-सोयाबीनची आडत, दारात कायम एखादा ट्रॅक्टर उभा. घरातले मोठे म्हणजे आप्पा. कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस विनाकारण थांबायचा. त्यांची बायको अव्वा. अव्वांचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं राग मराठीत आणि माया कन्नडमधे, अशी वाटणी होती. थोरला मुलगा राजकुमार आडत बघायचा. धाकटा परगावी नोकरीला, सुट्टीला यायचा. आणि दोन सुना. थोरली शारदा, शांत, कामसू. धाकटी अश्विनी, हसरी, बडबडी. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. निदान स्वयंपाकघरात तरी.

त्यांचं जुनं डिशवॉशर मीच चालवून दाखवलेलं. लोहाऱ्यात तेव्हा ते बघायला माणसं यायची. सुरुवातीला त्याचा आवाज बेताचा होता. पण आतली मोटार झिजत गेली, पंप घरघरायला लागला, आणि वर्षागणिक आवाज वाढत गेला. शेवटी शेवटी ते चालू केलं की घरात मळणीयंत्र लावल्यासारखं वाटायचं. कपाटातल्या काचा थरथरायच्या. दुपारची जेवणं झाली की ते सुरू व्हायचं, आणि चांगला दीड-दोन तास त्या घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. मी अधनंमधनं मीठ-पावडर द्यायला जायची, तेव्हा राजकुमारला म्हणायची, "दादा, पंप बदला की." तो म्हणायचा, "घरचेच नको म्हणतात, बाई. सवय झालीय म्हणं."

मला तेव्हा या वाक्यात काही वाटलं नाही.

एक दिवस ते मशीन खालून गळायला लागलं आणि धूर काढून थंड झालं. राजकुमारनं नवं घेतलं. दुकानातलं सगळ्यात भारी, आणि भारी कशामुळं, तर आवाज करत नाही म्हणून. जुनं आमच्या टेम्पोतून परत गेलं. अव्वा दारापर्यंत त्याला सोडायला आल्या होत्या.

नव्याचा डेमो द्यायला मी दुपारी पोचले. सगळं घर ओळीनं बसलेलं. मी नेहमीप्रमाणं सांगितलं. भांडी आधी धुवायची नाहीत, नुसतं खरकटं काढायचं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली ठेवायची नाहीत, काळी पडतात. लाकडी काठवट अजिबात नाही. अव्वांनी हळदीकुंकू वाहिलं, विभूती लावली, आणि मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे सगळं झालं, पण कळलं नाही. मशीनच्या लाल दिव्याचा उजेड तेवढा खाली फरशीवर ठिपक्यासारखा पडला.

"चालू झालं?" राजकुमारनं विचारलं.

"झालं की."

अव्वांनी दाराला कान लावला. आप्पांनी मशीनच्या माथ्यावर हात ठेवला, तापाच्या माणसाला बघतात तसा. "काय करलालंय आत?" ते म्हणाले.

"भांडी घासतंय, आप्पा."

"मग आवाज का न्हाय?"

"आवाज न करता घासतंय."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांना बिनदाण्याची तूर विकायला आलेय. शारदा फरशीवरच्या लाल ठिपक्यावर पाय ठेवायला भीत होती. अश्विनीनं तो पुसायचा एकदा प्रयत्न केला. चहा झाला, दुसरा झाला. घरात पंख्याचा आवाज येत होता आणि तो त्यांनी बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण सगळे अधनंमधनं वर बघत होते.

शेवटी काम संपलं आणि मशीननं आपणहून दार बोटभर उघडलं. वाफ जायला ते तसं उघडतं. मी सांगणार तेवढ्यात अव्वा दोन पावलं मागं सरल्या आणि आधी कन्नडमधे, मग मराठीत ओरडल्या, "यार? कोण हाय आत?"

भांडी चकचकीत निघाली. अव्वांनी एक ताटली नाकाला लावून हुंगली. "आमटीचा वासच गेला की," त्या म्हणाल्या. हे कौतुक की तक्रार, ते मला कळलं नाही. मी सही घेतली आणि जीप पकडली.

आठवडाही झाला नसेल, दुकानात राजकुमारचा फोन आला. आवाज पडलेला. "बाई, मशीन बिघडलंय म्हणतात घरचे."

"काय होतंय?"

"आवाज येत न्हाय."

"दादा, आवाज येत नाही म्हणून तर तुम्ही घेतलं."

"मला कळतंय हो. पण घरात सगळे तेच म्हणालेत. आई म्हणते बिघडलंय. आप्पा म्हणतात बिघडलंय. आणि..." तो थांबला. "माझीच बायको म्हणते बिघडलंय. तुमी या बरं एकदा. घरात कुणी कुणाशी बोलंना झालंय."

मी इलाहीभाईंना बरोबर घेतलं. इलाहीभाई आमचे मेकॅनिक. अंगानं किडमिडीत, बोलणं दख्खनी वळणाचं, आणि कुठल्याही मशीनवर हात ठेवून डोळे मिटायची सवय. मी तक्रार सांगितली तर म्हणाले, "बाई, आवाज आला तं बिघाड कळतो. आवाज नै आला तं मी काय ऐकू?"

घरात शिरल्याबरोबर मला जाणवलं ते हे, की सगळे चवड्यांवर चालत होते. भांडं ठेवलं तर हळू, दार लावलं तर हळू. बाहेरच्या सोप्यात आप्पा खुर्चीवर मान खाली घालून बसलेले. इलाहीभाईंनी मशीन तपासलं. पाणी बघितलं, पंप बघितला, डोळे मिटून झाले. "एकदम बराबर हय," त्यांनी निकाल दिला.

"नीट बघा की," शारदा म्हणाली. तिच्या आवाजात एवढी आशा होती, की इलाहीभाईंनी पुन्हा एकदा डोळे मिटले.

मी हात धुवायला परसात गेले तशी शारदा मागनं आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाई, कायबी करा पण त्याला आवाज बसवा."

"अगं, का पण?"

मग तिनं सांगितलं. दुपारची भांडी मशीनला लावली की दोघी जावा स्वयंपाकघरात बसायच्या. तेवढाच वेळ त्यांचा. एरवी घरात शिंकलं तरी सोप्यात कळतं, पण मशीन चालू असलं की काय बोलाल ते बोला. आणि त्या वेळात अश्विनी आप्पांची नक्कल करायची. आप्पांचं खाकरणं, आप्पांचं चहा मागणं, आप्पांचं गिऱ्हाईकाला उडवून लावणं. शारदा तोंडात पदर कोंबून हसायची. दिवसभराचा शीण जायचा. नवं मशीन आलं, मी डेमो देऊन गेले, दुसऱ्या दिवशी दोघींनी भांडी लावली, बटण दाबलं आणि सवयीनं अश्विनीनं सुरुवात केली.

"काय केलं तिनं?"

शारदानं खाली बघितलं. मग आप्पांच्या आवाजात, पण पुटपुटत, म्हणाली, "शारदाऽ, चहा झाला का न्हाय? का आसामला गेलीस पानं तोडायला?"

मला हसू आलं. शारदाला आलं नाही.

"मशीनचा आवाज न्हाय हे ध्यानातच राहिलं न्हाय, बाई. ती मोठ्यानं बोलली. आमाला त्या आवाजात मोठ्यानंच बोलायची सवय. आणि सोप्यातला खोकला थांबला. एकदम थांबला. तवापासनं आप्पा मान वर करून जेवत न्हाईत. अश्विनीनं पिशवी भरलीय. उद्या माहेरी जाते म्हणाली. परत येईन का न्हाय सांगता येत न्हाय म्हणती. म्या कोणत्या तोंडानं इथं राहू, म्हणती. ती गेली तर मला या घरात बोलायला कोण हाय?"

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी आत आले तर अव्वांनी देवघरातून हात केला. दार लोटलं. "बाई," त्या म्हणाल्या, "आमचं जुनं परत द्या. गळलं तर गळू दे, खाली घमेलं ठेवते."

"अव्वा, ते मोडीत गेलं असंल आतापर्यंत. काय अडलंय नव्याचं?"

अव्वांनी समईची वात सारखी केली. मग बोलल्या. दुपारी मशीनच्या आवाजात त्या आपल्या बहिणीला फोन करायच्या, कन्नडमधे. आणि बहिणीपाशी सुनांचं कौतुक करायच्या. थोरलीच्या हाताला चव कशी आहे, धाकटीनं आजारपणात आपले पाय कसे चेपले. तोंडावर त्यांनी दोघींना आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. नव्या मशीनच्या दुसऱ्याच दिवशी फोन करून वळल्या तर शारदा दारात उभी. शारदाचं आजोळ सीमेवरचं, तिला कन्नड कळायचं.

"सगळं ऐकलं तिनं," अव्वा कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता मला भाजीत मीठ जास्त झालं म्हणायची बी चोरी. ऐकंल का माझं कुणी? डोक्यावर बसतील दोघी."

दोन तक्रारी झाल्या. मी सोप्यात येऊन आप्पांसमोर बसले. मला वाटलं, आता हे सुनेचं गाऱ्हाणं सांगणार. आप्पांनी इलाहीभाईंना पाणी प्यायला आत पाठवलं आणि माझ्याकडं झुकून, त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, "बाई, खरं सांगतो. मला सगळं ऐकू येतं."

"तुम्हाला ऐकू येत नाही असं कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणतेत. जुनं मशीन चालू असलं की मला कुणी हाक मारली तर म्या म्हणायचो, काय? मशीन चालू हाय! मग कुणी काम सांगत न्हवतं. हिनं इळभर आवाज दिला तरी म्या आपला खुर्चीत. ते एक गेलं. जाऊ दे."

"मग काय राहिलं?"

आप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. "ते मशीन मधीमधी थांबायचं. पाणी काढायला, पाणी घ्यायला. ध्यानात हाय का तुमच्या?"

होतं. डिशवॉशर सलग चालत नाही. एक पाणी फेकून दुसरं घेताना क्षणभर गप्प होतं.

"तेवढ्यात ऐकू यायचं मला. अर्धं वाक्य, कधी पाव. ती धाकटी माझी नक्कल करायची. लई झ्याक करती, बाई. आमच्या वडलांची, आबांची आठवण यायची. तेबी असंच खाकरायचे. म्या दुपारी भाकर खाऊन आडतीत का जात न्हवतो? ते ऐकायला बसायचो. आता म्या ऐकलं हे तिला कळलं. आता ती करणार न्हाय." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "आन म्या तिला सांगू तरी कसं, की कर म्हणून? सासऱ्यानं सुनेला सांगायची गोष्ट हाय का ती? तुमी आवाज बसवा. एवढंच करा."

तिघांनी मला तीन गुपितं दिली होती, तिन्ही एकाच मशीनची, आणि एकही दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती. डेमोच्या कामात एक नियम मी पाळला होता. घरातलं घरात ठेवायचं. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात नाही, आणि एका खोलीतली दुसऱ्या खोलीत नाही. नाही तर कोण आत घेईल?

मी इलाहीभाईंना म्हटलं, "काहीही करा, आवाज काढा."

इलाहीभाईंना अख्ख्या नोकरीत असं काम कुणी सांगितलं नव्हतं. ते जरा दुखावले. मग मशीनचं दार उघडून आत डोकं घातलं. आतमधे पाणी उडवणारा एक आडवा पंखा असतो, तो गरागरा फिरतो. म्हणून उंच भांडी ठेवू नका, पंख्याला लागतात, हे मी प्रत्येक डेमोत सांगते. इलाहीभाईंनी शारदाकडं झारा मागितला. तो बरोबर असा उभा केला, की पंख्याचं टोक त्याच्या दांड्याला लागावं. शेजारी दोन पळ्या टांगल्या, खाली एक रिकामा डबा ठेवला. "हे सगळं कंपनीनं करू नका म्हणलंय," ते मला म्हणाले, आणि बटण दाबलं.

टणत्कार! खण्ण, टक्, खण्ण, टक्, धडाड्. जुन्याइतका नाही, पण शेजाऱ्यांना कळेल एवढा. घरादाराच्या तोंडावर असा आराम पसरला, की माझी नोकरी नेमकी कशासाठी आहे, तेच मला कळेना. अव्वा लगबगीनं फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आप्पांनी खुर्ची भिंतीकडनं दाराकडं सरकवली. राजकुमार हिरमुसून बाहेर गेला, कारण त्यानं आवाज नाही म्हणूनच तर एवढं महागाचं मशीन घेतलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. तिथनं मला दोन्हीकडचं दिसत होतं. आत शारदा अश्विनीला ओढून आणत होती. अश्विनीचे डोळे सुजलेले. "बघ, आता बाहेर काय ऐकू जात न्हाय," शारदा तिच्या कानाशी ओरडली. "बोल की काहीतरी!" अश्विनीनं नकाराची मान हलवली.

इकडं सोप्यात आप्पा कान देऊन बसलेले. आतनं काहीच येईना. त्यांनी वाट बघितली. चुळबूळ केली. मग एकदम गळा साफ करून, रस्त्यावरच्या माणसानं थांबावं अशा आवाजात ओरडले, "शारदाऽ! चहाऽ!"

आत अश्विनीनं मान वर केली. काही गोष्टी माणसाच्या हातात नसतात. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण तिचा हात कमरेवर गेला, हनुवटी आप्पांसारखी पुढं आली आणि ती आप्पांच्या आवाजात म्हणाली, "चहा झाला का न्हाय? का म्हशीलाच इचारायला गेलीस, दूध देती का म्हणून? खर्र, खर्र..."

आणि पंखा झाऱ्यात अडकला.

मशीन बंद पडलं. घरभर शांतता. 'म्हणून'च्या पुढचं सगळं त्या शांततेत पडलं. दोन्ही खाकरे, पहिला आणि दुसरा. आतल्या खोलीतनं अव्वांचा आवाज, कन्नडमधे, थोरलीची पुरणपोळी अख्ख्या तालुक्यात नाही असा. आणि सोप्यातनं हसणं.

आप्पा हसत होते. थांबवायचा प्रयत्न करत होते, उपरणं तोंडात धरलं होतं, पण हसू नाकातनं, डोळ्यांतनं, खांद्यांतनं येत होतं. खुर्ची करकरत होती.

अश्विनी तशीच, हात कमरेवर. तिला बाहेर यायचं धैर्य नव्हतं आणि आप्पांना आत यायची रीत नव्हती. शेवटी आप्पांनीच डोळे पुसले आणि दाराकडं न बघता म्हणाले, "खाकरणं चुकलं."

आत अश्विनीनं कमरेवरचा हात काढला.

"खाकरणं चुकलं म्हणलं. म्या असा नरड्यातनं खाकरत न्हाय. माझं पोटातनं येतं." आणि त्यांनी पोटातनं खाकरून दाखवलं.

आतल्या खोलीतनं अव्वा बाहेर आल्या, फोन छातीशी धरून. "नरड्यातनंच येतं तुमचं," त्या म्हणाल्या. "पोरगी बराबर करती."

मग अश्विनी उंबऱ्यापर्यंत आली. डोईवरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "आप्पा, सकाळचं नरड्यातनं असतं. दुपारचं पोटातनं."

आप्पांनी यावर विचार केला. "असंल," ते म्हणाले.

अव्वांना आता आपल्या फोनची आठवण झाली. त्यांनी शारदाकडं संशयानं बघितलं. "तू काय ऐकलंस गं?"

"एल्ला केळिस्तु, अव्वा," शारदा म्हणाली. सगळं ऐकू आलं. आणि हे तिनं अव्वांच्याच मायेच्या भाषेत सांगितलं, म्हणून असेल, अव्वांना रागवायला मराठी सापडेना. थोड्या वेळानं सापडलं. "लई शेफारू नको," त्या म्हणाल्या. "परवाची पोळी फाटली होती."

इलाहीभाईंनी झारा काढला, पळ्या काढल्या, डबा शारदाच्या हातात दिला. मशीन पुन्हा चालू केलं. ते गप्प आपलं काम करायला लागलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडं कुणीच बघितलं नाही.

अश्विनी दुसऱ्या दिवशी माहेरी गेली खरी. जीप ठरलेली होती, आणि आईनं शेंगाची पोळी करून ठेवली होती. पण पिशवी अर्धी रिकामी करून गेली, आणि सोमवारच्या आत परत आली. राजकुमारनं मला फोनवर सांगितलं, "बाई, मशीन झकास हाय. फक्त घरात आता लई आवाज असतो."

मी आता घरी असते. डेमोचं काम राहिलं नाही. मशीनबरोबर एक चौकोनी चित्र येतं, मोबाईल त्याच्यापुढं धरला की कुठलीशी मुलगी गोड आवाजात सगळं सांगते. ती माझ्यापेक्षा नीट सांगते, आणि एसटीची वाट बघत नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की ती निघून गेल्यावर त्या घरात काय झालं, हे तिला कधीच कळत नाही.

पण नोकरीच्या अगदी शेवटाला मी लोहाऱ्याला आणखी एकदा गेले. आडत्यांच्या शेजारच्याच घरी. कमलबाई म्हणून होत्या. नवरा-बायको दोघंच, मुलं परगावी. दोन ताटं, दोन वाट्या, एक कढई. मी न राहवून विचारलं, "कमलबाई, दोन माणसांना हे कशाला घेतलं तुम्ही?"

त्यांनी मला बाजूला नेलं. "शेजारी मशीन आलं आन ते घर बोलाय लागलं, बाई. भिंतीपल्याडनं ऐकू येतं, रोज हसतेत. आमचे हे रिटायर झाल्यापासनं बोलतच न्हाईत. भांडण न्हाय, रुसवा न्हाय. नुसतं बोलत न्हाईत. म्हणलं बघावं."

मशीन असं काही करत नाही, हे मी सांगायला हवं होतं. पण मशीन जोडून झालं होतं.

मी बटण दाबलं. फरशीवर लाल ठिपका पडला. त्यांचे यजमान समोर खुर्चीत बसले होते, हातांची घडी घालून. कमलबाई त्यांच्या शेजारी. बराच वेळ गेला. पंखा फिरत होता. शेजारच्या घरातनं कुणाचं तरी खाकरणं आणि त्यावर बायकांचं हसणं ऐकू आलं.

यजमानांनी हातांची घडी सोडली. मशीनकडं बघितलं, मग कमलबाईंकडं.

"बंद पडलं काय गं?" ते म्हणाले.

मी सांगायला तोंड उघडलं, की बंद नाही, चालू आहे, तो लाल दिवा बघा. कमलबाईंना हे माहीत होतं. आत्ताच तर मी त्यांना दाखवलं होतं. पण त्यांनी नवऱ्याकडं तोंड केलं आणि भाबडेपणानं म्हणाल्या, "काय की. मला कायच कळंना. तुमाला काय वाटतं?"

ते खुर्ची पुढं ओढून सांगायला लागले. कमलबाईंनी एक हात पाठीमागं नेला आणि मला बाहेर जायची खूण केली.